घाई नडते ती नडगीला

तिसरा-चौथा आठवडा असतो. सुरुवातीला दोन मिनिटं धावलं की धाप लागायची, आता पंधरा मिनिटं न थांबता पळता येतं. झोप गाढ लागते, अंग हलकं वाटतं, उद्या आणखी थोडं पुढे जावं असा मोह होतो. आणि नेमकं तेव्हाच नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार-सहा बोटं वर, एक बोथट कळ यायला लागते. पहिली दहा मिनिटं दुखतं, अंग तापलं की थांबतं, म्हणून आपण मनावर घेत नाही. मग घरी आल्यावर ठणका लागतो. मग सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना दुखतं. मग जिना उतरतानाही.

धावणाऱ्यांच्या तोंडी याचं नाव 'शिन स्प्लिंट'. डॉक्टरांच्या कागदावर 'मिडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम' असं लांबलचक नाव येतं, पण त्याला घाबरू नका. टिबिया म्हणजे नडगीचं हाड, मिडियल म्हणजे आतल्या बाजूचं, स्ट्रेस म्हणजे ताण. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर ताण साचून होणारं दुखणं, एवढंच ते नाव सांगतं.

मला हे दुखणं दोनदा झालं. पहिल्या खेपेला मी सहा आठवडे धावणं पूर्ण बंद ठेवलं. दुखणं गेलं. मग जिथे सोडलं होतं तिथूनच, त्याच अंतरानं पुन्हा सुरुवात केली आणि पंधरा दिवसांत कळ परत आली, आधीपेक्षा जास्त. माझे पायच धावण्याजोगे नाहीत असं तेव्हा वाटलं. असं वाटून कित्येक जण धावणं कायमचं सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. बहुतेकांचे पाय ठणठणीत असतात, गडबड वेळापत्रकात झालेली असते. ती कुठे होते हे कळायचं तर आधी हाड समजून घ्यायला हवं.

दम लवकर वाढतो, हाड मागे राहतं

व्यायाम सुरू केला की शरीर एकाच वेगानं बदलत नाही. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण काही दिवसांतच वाढतं, हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. स्नायूंनाही जोर लवकर येतो. हाड मात्र महिन्यांच्या हिशेबानं चालतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती म्हणते 'चल', आणि नडगी अजून पहिल्या आठवड्याचंच ओझं पचवत असते.

त्यातही एक अडचण आहे, जी मला कुणी आधी सांगितली असती तर माझं एक अख्खं वर्ष वाचलं असतं. हाड नव्या ताणाला जुळवून घेताना आधी कमजोर होतं, मग बळकट. हाडात दोन प्रकारच्या पेशी सतत राबत असतात. एक जुनं, झिजलेलं हाड खरवडून काढणाऱ्या, दुसऱ्या त्या जागी नवं हाड भरणाऱ्या. नवा ताण आला की आधी खरवडणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांचं काम काही आठवड्यांत उरकतं. भरणाऱ्या पेशींना मात्र सुमारे तीन महिने लागतात, आणि भरलेलं हाड क्षारांनी पूर्ण टणक व्हायला त्याहूनही जास्त. भिंतीचा जुना गिलावा खरवडून झाला आहे आणि नवा अजून ओला आहे, अशी ही मधली अवस्था. ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येते, आणि नेमकं त्याच वेळी दम वाढल्यामुळे आपण अंतर वाढवतो.

ताणाप्रमाणे हाड आपली घडण बदलतं हा विचार जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. आज त्यातले तपशील बदलले आहेत, पण मूळ गोष्ट टिकून आहे: ताण दिला तर हाड घट्ट होतं, ताण काढून घेतला तर विरळ होतं. माझ्या सहा आठवड्यांच्या विश्रांतीचं काय झालं ते यातून कळतं. दुखणं शमलं, पण हाडाला धावण्याजोगं बनवणारं काही त्या काळात घडलंच नाही.

आता नेमकी तीच जागा का दुखते? नडगीचं हाड सरळ खांबासारखं वाटतं, पण पाऊल टेकताना ते किंचित वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. मधल्या आणि खालच्या तृतीयांशाच्या सांध्यापाशी हे हाड सगळ्यात बारीक असतं, त्यामुळे वाकण्याचा ताण तिथे जास्त पडतो. धावताना दर पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर उलटा येतो. मिनिटाला १६५ पावलं धरली तर अर्ध्या तासात जवळपास ५,००० पावलं होतात, म्हणजे एका पायावर अडीच हजार. एखादं पाऊल काहीच बिघडवत नाही. पण अडीच हजार वेळा वाकलेलं हाड उद्या सकाळपर्यंत सावरायच्या आत पुन्हा अडीच हजार वेळा वाकवलं, की हिशेब चुकायला लागतो.

हाडाभोवती एक पातळ आवरण असतं आणि त्यात वेदना जाणवणाऱ्या भरपूर नसा असतात. पोटरीच्या आतल्या थरातला सोलियस नावाचा स्नायू आणि त्याच्यालगतचे इतर स्नायू याच भागात हाडाला आणि आवरणाला धरून असतात. पूर्वी मानत, की हे स्नायू आवरण ओढतात, त्याला सूज येते, म्हणून दुखतं. पुढे असं दिसलं की दुखऱ्या जागेच्या तपासणीत सूज प्रत्येक वेळी सापडत नाही. उलट हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत नेमक्या त्या जागी घनता कमी झालेली दिसते, आणि दुखणं बरं झाल्यावर ती परत वाढते. स्नायूंची ओढ आणि हाडाचं वाकणं यांचा वाटा कुणाच्या पायात किती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. माझं मत हाडाच्या बाजूनं झुकतं. तुमच्यासाठी त्याचा अर्थ इतकाच, की नुसती सूज उतरवणारी गोळी आणि बर्फ यांवर हे दुखणं संपणार नाही.

नुसत्या चालण्यानंही हे होतं का, असं पुष्कळ जण विचारतात. होतं. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे तळपाय नोंदवून ठेवले. कारण त्याला दिसलं नाही, कारण क्ष-किरणांचा शोध १८९५चा. पुढे क्ष-किरण आल्यावर त्या दुखण्यामागे तळव्याच्या हाडांना गेलेल्या बारीक चिरा असतात हे कळलं. नडगीचंही तसंच. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातल्या १२४ नव्या भरतीवर लक्ष ठेवून केलेल्या एका अभ्यासात, दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात सुमारे एक तृतीयांश जणांना हे दुखणं झालं. ही मंडळी तरुण आणि निरोगी होती. शरीराला सवय नसताना अचानक रोज कवायत, चाल आणि धाव सुरू झाली, एवढंच.

आधी बोट लावून पाहा

नडगीची प्रत्येक कळ एकाच कारणाची नसते, आणि इथे चूक महागात पडू शकते. म्हणून काहीही करण्याआधी ही तपासणी करा.

खुर्चीत बसा, पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा. नडगीच्या हाडाची आतली कड हाताला लागते, तिच्यावरून अंगठा घोट्याकडून वर सरकवत हळूहळू दाबत जा. दुखरा भाग किमान पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा असेल, कुठे जास्त कुठे कमी असं पसरलेलं दुखत असेल, तर तो बहुधा शिन स्प्लिंट. बऱ्याचदा दोन्ही पायांत कमी-अधिक असतो.

पण एका बोटाखाली मावेल अशी एकच जागा असेल, तिथे दाबल्यावर पाय झटकन मागे घ्यावासा वाटत असेल, रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, चालतानाही दुखत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारताना जोराची कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर गेली असल्याची शंका धरा. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. शिन स्प्लिंट रेटत राहिलं की काहींच्या बाबतीत गोष्ट इथवर येते. धावणं त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टर गाठायचा. एक लक्षात ठेवा: पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ही चीर बहुतेक वेळा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊन धावायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. शंका पक्की असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. नडगीच्या अगदी समोरच्या धारेवर, मध्यभागी, अशी एकच दुखरी जागा असेल तर अजिबात वेळ काढू नका. तिथली चीर सावकाश भरते आणि हाड पूर्ण मोडण्याचा धोका तिथे जास्त असतो.

तिसरी गोष्ट वेगळीच. धावायला लागल्यावर दर वेळी ठरावीक अंतरानंतर नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होते, पावलाला मुंग्या येतात किंवा ते बधिर होतं, चवडा उचलता येत नाही, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळं ओसरतं. यात दोष हाडाचा नसतो. स्नायूंभोवतीचं आवरण ताणलं जात नसल्यामुळे आत दाब साचतो. यावर व्यायामानं आणि पावलाची पद्धत बदलून फरक पडू शकतो, काहींना शस्त्रक्रिया लागते. पण निदान तज्ज्ञाकडूनच व्हायला हवं.

आणि एकाच पोटरीला सूज, गरमपणा, लाली, विशेषतः लांबचा प्रवास किंवा बरेच दिवस अंथरुणात काढल्यानंतर, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. तिचा धावण्याशी संबंध नाही, पण लोक तिला स्नायूचं दुखणं समजून अंगावर काढतात.

चालणाऱ्यांची कळ बहुधा समोर असते

झपझप चालायला नव्यानं सुरुवात केलेल्यांना जी कळ येते ती पुष्कळदा हाडाच्या आतल्या कडेला नसून समोर, हाडाच्या बाहेरच्या बाजूच्या मांसल भागात असते. तो पाऊल वर उचलणारा स्नायू. टाच टेकली की चवडा जमिनीवर धप्पकन आपटू नये म्हणून तो दर पावलाला ब्रेक लावतो. वेग वाढवायला आपण लांब ढांगा टाकतो, टाच शरीराच्या बरीच पुढे पडते आणि या बिचाऱ्या स्नायूवर ब्रेक लावायचं काम वाढतं. उतारावर, किंवा जड आणि ताठ तळव्याच्या बुटांत, आणखीच.

यावरचा उपाय सोपा आहे आणि लवकर लागू पडतो: ढांग आखूड करा, पावलं जास्त टाका. वेग तेवढाच राहतो, ब्रेक कमी लागतो. उतार काही दिवस टाळा. स्नायूचं दुखणं असल्यानं हे हाडाच्या दुखण्यापेक्षा बरंच लवकर बरं होतं. मात्र चालणाऱ्यांनाही आतल्या कडेचं दुखणं होऊ शकतं, खास करून वजन जास्त असेल किंवा एकदम तास-दीड तास चालायला सुरुवात केली असेल तर. त्यांनी पुढचं सगळं स्वतःसाठीच आहे असं समजून वाचावं.

पहिले पंधरा दिवस

पूर्ण विश्रांती आणि पूर्ण हट्ट, दोन्ही टाळा. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. ज्या हालचालीत दुखणं दोनच्या वर जातं ती तूर्त बंद. चालताना दुखत नसेल तर चाला. धावताना दुखत असेल तर धावणं थांबवा आणि दम टिकवायला सायकल, पोहणं किंवा खोल पाण्यात तरंगत धावण्याचा सराव करा. त्यात हाडावर आदळआपट नसते.

दुखऱ्या पट्ट्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर ठणका उतरतो. दिवसातून दोन-तीनदा ठेवायला हरकत नाही, पण त्यानं हाड भरून येत नाही हे ध्यानात असू द्या. वेदनाशामक गोळी खाऊन धावायला जाणं हा मात्र मला सगळ्यात घातक प्रकार वाटतो. कळ हा तुमच्याकडचा एकमेव मापक आहे, गोळीनं तोच बंद पडतो. हाडाच्या कडेवर जोरजोरात रगडून मालिश करू नका. पोटरीच्या मांसल भागाला हलका हात लावला तर बरं वाटतं, तेवढं पुरे.

शॉकवेव्ह, लेझर, सुया, टेप, पट्टे असे पुष्कळ उपचार सुचवले जातात. काहींना त्यानं आराम पडतो. त्यांच्या बाजूचा पुरावा कमजोर आहे, आणि त्यातल्या कशानंही पुढची पायरी चुकत नाही. खिशाला परवडत असेल आणि चांगला फिजिओथेरपिस्ट ओळखीचा असेल, तर ते पैसे यंत्रांपेक्षा त्याच्याकडून चाल आणि व्यायाम तपासून घेण्यावर खर्च करा.

पोटरीला पहारेकरी करा

दर पावलाचा धक्का हाडापर्यंत जाण्याआधी पोटरी झेलते. सोलियस हा स्नायू धावताना शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट जोर लावतो. तो थकला की उरलेला धक्का हाडाला सोसावा लागतो. म्हणून नडगी दुखते तेव्हा पोटरी बळकट करायची.

जिन्याच्या पायरीशी किंवा भिंतीला हात टेकून उभं राहा आणि दोन्ही टाचा सावकाश उचला, सावकाश टेकवा. पंधरा वेळा, थोडं थांबून असे तीन फेरे, एक दिवसाआड. आधी गुडघे सरळ ठेवून, मग तेवढ्याच वेळा गुडघे थोडे वाकवून. वाकवलेल्या गुडघ्यानं केलेला व्यायाम सोलियसला लागतो, आणि नेमका तोच लोक गाळतात. हे सहज जमलं की एका पायावर या. एका पायावर न थांबता वीस-पंचवीस वेळा टाच उचलता येणं, हे मी धावायला परत जाण्याआधीचं किमान प्रगतिपुस्तक मानते. बहुतेकांना पहिल्यांदा बाराच्या पुढे जाता येत नाही, आणि दुखणाऱ्या पायावर तर त्याहून कमी. हा फरक स्वतः मोजून पाहिला की पुढचं पटवून द्यावं लागत नाही.

त्याला दोन जोड द्या. पाठ भिंतीला टेकून, टाचा भिंतीपासून फूटभर पुढे ठेवून चवडे वर उचलायचे, वीसेक वेळा. यानं समोरचा स्नायू बळावतो. आणि कुशीवर पडून वरचा पाय सरळ उचलणं, एका पायावर अर्धं बसून उठणं, असे कंबरेचे व्यायाम. ती डळमळली की पाऊल आत कलतं आणि नडगीच्या आतल्या कडेला पीळ बसतो.

परतीची वाट

अर्धा तास भरभर चालून दुखत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही, आतल्या कडेवर दाबलं तर फार तर किंचित कळतं, आणि दुखऱ्या पायावर दहा उड्या बिनदुखत मारता येतात. एवढं जमलं की धावायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी एक मिनिट अगदी हळू धावणं, दोन मिनिटं चालणं, असे सहा फेरे. म्हणजे धावणं फक्त सहा मिनिटं. हास्यास्पद कमी वाटतं. पण तेवढंच करा, आणि मध्ये एक दिवस सोडून पुन्हा तेच. दोन वेळा काही झालं नाही तर पुढची पायरी: दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल. मग तीन आणि एक. आधी धावण्याचा एकूण वेळ वाढवायचा, मग सलगपणा, वेग सगळ्यात शेवटी, आणि उतार त्याच्याही नंतर. प्रत्येक पायरीचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना लागतो. त्या पहिल्या पावलात कळ आली तर एक पायरी मागे या.

थोडं आणि वरचेवर यामागे हाडाचं गणित आहे. १९९७ साली जपानमध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दिवसाला फक्त पाच उड्यांनीही हाडाची ताकद वाढली, आणि चाळीस उड्यांनी त्याच्या फार पुढे गेली नाही. हाडाच्या पेशी थोड्या धक्क्यांनी जाग्या होतात, पुढचे धक्के त्यांना फारसे जाणवत नाहीत, आणि काही तासांच्या विसाव्यानंतर त्या पुन्हा नव्यानं ऐकतात. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत हाडाला मिळायची ती आज्ञा मिळालेली असते. त्यानंतरचं धावणं दमासाठी चांगलं, हाडासाठी बव्हंशी झीज. ज्यांचं दुखणं वारंवार उलटतं त्यांनी एका लांब फेरीऐवजी सकाळ-संध्याकाळ दोन छोट्या फेऱ्या करून पाहाव्यात.

किती दिवस लागतील? नेदरलँड्समधल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७४ खेळाडूंचे तीन गट केले होते. सगळ्यांना टप्प्याटप्प्यानं धावायला लावलं. एका गटाला सोबत पोटरीचे व्यायाम आणि पोटरी ताणणं, एका गटाला घट्ट मोजे. सलग १८ मिनिटं बिनदुखत धावता यायला तिन्ही गटांना १०० ते १२० दिवस लागले, गटागटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे घट्ट मोजे घालून दिवस वाचत नाहीत, आणि सगळ्यांत समान असलेली टप्प्याटप्प्याची धाव हाच उपचाराचा गाभा. मग पोटरीच्या व्यायामावर मी इतका भर का देते? कारण त्या अभ्यासात मोजला गेला तो बरं होण्याचा वेळ. दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून बळकट पोटरी हवी, असं मला अनुभवानं वाटतं. पण सुरुवातीलाच साडेतीन-चार महिने धरून चाला. दोन आठवड्यांत बरं व्हायचं ठरवलं की पंधराव्या दिवशी निराशा येते, आणि निराश माणूस घाई करतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त अंतर वाढवू नये हा नियम सगळीकडे ऐकू येतो. नेदरलँड्समध्येच नवशिक्या धावणाऱ्यांवर तो तपासून पाहिला गेला, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. दहा टक्क्यांच्या नियमानं १३ आठवडे सावकाश वाढवणारा गट आणि आठ आठवड्यांत वाढवणारा गट, दोन्हींत दुखापतींचं प्रमाण साधारण सारखंच निघालं, पाचात एक. त्यापेक्षा उपयोगी गोष्ट २०२५ साली पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदींतून पुढे आली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त बाधते. गेल्या तीस दिवसांतली तुमची सगळ्यात लांब धाव आठ किलोमीटरची असेल आणि आज तुम्ही एकदम बारा धावलात, तर धोका त्या दिवसाचा आहे, आठवड्याची बेरीज कितीही समंजस असली तरी. मित्रांच्या आग्रहाखातर धावलेली ती एक लांब रविवारची फेरी पुष्कळांच्या दुखण्याची सुरुवात असते. माझ्याही होती.

अंतर, वेग, चढ-उतार, बूट, जमीन यांतलं एका वेळी एकच बदला. कठीण रस्ता वाईट आणि माती चांगली, असं सरसकट खरं नाही. ज्या जमिनीची सवय आहे तिच्यावरून अचानक दुसरीवर जाणं त्रास देतं. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबतात, नवे आणले की जुन्यांशी आलटूनपालटून काही दिवस वापरा. धक्का झेलणाऱ्या इनसोलचा, म्हणजे बुटात घालायच्या गादीचा, थोडा उपयोग लष्करी भरतीत दिसला आहे, तळपाय सपाट असणाऱ्यांनी ते करून पाहायला हरकत नाही.

पावलांची गती मात्र जरूर तपासा. एक मिनिट पावलं मोजा, आणि तोच वेग ठेवून ती पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा; १६० असतील तर १६८ ते १७६. पाऊल आपोआप शरीराच्या खाली पडायला लागतं आणि नडगीला बसणारा हादरा कमी होतो. एकही पैसा न खर्चता करता येणारा यापेक्षा चांगला बदल मला माहीत नाही.

धावण्याआधी पोटऱ्या ताणून घेतल्या की दुखापत टळते, या समजुतीला आधार नाही. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ जवानांवर २००० साली ते तपासलं गेलं, ताणणाऱ्यांत आणि न ताणणाऱ्यांत फरक पडला नाही. बरं वाटत असेल तर ताणा. वेळ कमी असेल तर मी ती पाच मिनिटं हळू चालण्याला देईन.

शेवटचा मुद्दा जेवणाचा, आणि तो सगळ्यात कमी बोलला जातो. हाड भरायला कच्चा माल लागतो. अमेरिकन नौदलात भरती झालेल्या पाच हजारांवर स्त्रियांना २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन गटांत विभागलं. ज्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळालं त्यांच्यात स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून मोठी गोष्ट एकूण उष्मांकांची. वजन उतरवण्यासाठी धावणारी माणसं एकीकडे अंतर वाढवतात आणि दुसरीकडे ताट निम्म्यावर आणतात. शरीराला पुरेसं इंधन मिळालं नाही की ते हाडाची डागडुजी मागे टाकतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली या अवस्थेला वेगळं नाव दिलं, आणि ती स्त्री-पुरुष दोघांनाही होते हे स्पष्ट केलं. स्त्रियांना हे दुखणं पुरुषांपेक्षा जास्त होतं, म्हणून त्यांना उघडपणे सांगते: धावणं वाढवल्यापासून पाळी लांबायला किंवा चुकायला लागली असेल, तर त्याला फिटनेसची खूण समजू नका. हार्मोन खाली गेल्याची आणि हाडं विरळ होत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांशी बोलताना नडगीच्या कळीसोबत पाळीची गोष्टही सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

दुसऱ्या खेपेला मला सलग अर्धा तास धावायला सोळा आठवडे लागले. त्यातले पहिले सहा नुसत्या टाचा उचलण्यात आणि चालण्यात गेले. आता लांब फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय खाली टेकवण्याआधी, अंगठा नडगीच्या आतल्या कडेवरून एकदा वरपर्यंत सरकवते. काही लागलं नाही तर बूट शोधते. लागलं तर तो दिवस सायकलचा.